जांभळ्या माशाचं तीर्थ

मुळशीच्या धरणाकाठी, बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या हॉलात, त्या रविवारी चेंगराचेंगरीच व्हायची बाकी होती. सूस-महाळुंग्याच्या सोसायट्यांतल्या गाड्या पार भातखाचरांपर्यंत लागलेल्या. आणि एवढी माणसं बघत काय होती? काचेच्या टाकीतला बोटभर मासा!

"मागल्या अमावास्येला ही मादी व्हती, केशरी!" विश्रामबाबा माइकवर ओरडला. "आज बघा, जांभळा नर! पाठीवर तुरा! माशाच्या मादीचा नर करनारा पोटातल्या पोरीचा पोरगा करनार न्हाई व्हय?"

"करनार बाबा!" गर्दी गरजली. मोबाइल उंच धरून इंजिनिअरसुद्धा.

पुढच्या रांगेत आमच्या आळीतली शारदा. दोन पोरींची आई, सातवा महिना, पाय सुजून खांब झालेले. बाबाच्या सांगण्यावरून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद. त्याऐवजी सासू सगुणाबाई तिला टाकीतल्या पाण्याचं तीर्थ पाजायची.

"आत्या, लई खारट हाय. मळमळतंय."

"देवीची आसवं हायेत ती. गप पी."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर हीनाताईंना मी मुद्दाम घेऊन गेलो होतो. त्यांनी शारदाच्या हातातला पेला हिसकावला, थेंब जिभेला लावला.

"हे समुद्री माशाचं पाणी! रक्तदाबाच्या गरोदर बाईला मीठ पाजताय?"

"मॅडम, श्रद्धेत विज्ञान आनू नका," बाबा म्हणाला.

"मग हा मासा कुठून आणलात? धरणातला तर नाही. प्रवाळाच्या खडकांत राहणारा अँथियास आहे हा. माझा भाऊ बाणेरला अशा टाक्या बसवतो. हे मासे आधी मादीच असतात. कळपातला नर गेला की सगळ्यात दांडगी मादी काही आठवड्यांत आपोआप नर होते, रंगासकट. त्याला बाबा लागत नाही! तुमचा आधीचा नर कुठाय?"

"नर नव्हताच!"

हवेच्या पंपाला दोन नळ्या होत्या. एक टाकीत गेलेली, दुसरी पडद्यामागे. मी पडदा ओढला. मागे बादलीतल्या बुडबुड्यांत दुसरा जांभळा मासा, तसाच तुरेवाला. टाकीतून काढून लपवलेला आधीचा नर!

"बाबा, ह्यो कोन? तुमचा मेव्हना?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला, बाबा मागच्या दारानं पसार.

मला हसू आलं नाही. शारदाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ताईंनी रक्तदाब मोजला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. नाहीतर दोघंही जातील."

"पर डाक्टरीनबाई, पोरगाच हुईल ना?" सगुणाबाईनं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "काकू, माशांत नर उरत नाही म्हणून मादी नर होते. तुमच्या घरातले नर संपलेत का? माणसाचं बाळ पोटात राहतं तेव्हाच मुलगा की मुलगी ते ठरतं, तेही बापाच्या बीजावरून. मग कसलं तीर्थ पाजता?"

शारदानं सासूच्या पिशवीतली तीर्थाची बाटली काढली आणि फरशीवर उपडी केली.

"आत्या, पोरगी झाली तर होऊ दे. घरी दोघी माझी वाट बघत्यात. मला जगायचंय." एवढं बोलून ती ताईंच्या गाडीत बसली.

बाबा उद्या दुसऱ्या गावात टाकी लावेल. तिथं जो कुणी गोळ्या बंद करायला सांगेल, त्याला हार घालू नका, पोलिसांत द्या. आणि मासा बघत बसू नका. नळी कुठं जाते ते बघा.