आपण निवडून येणार

पाळणाघर चालवणाऱ्या वहिनींचा आवाज असा, की नवरा त्यांना भोंगा म्हणायचा. आधी लाडाने, मग वैतागून. निवडणुकीत सगळा वॉर्डच म्हणायला लागला.

पाळणाघर पालिकेच्या खोलीत. जुना नगरसेवक ती खोली गाड्या लावायला देणार, असं कानावर आलं होतं. खोली गेली की वहिनींचं पोट गेलं, आणि कामावर जाणाऱ्या आयांचे हात बांधले गेले. तेवढ्यात त्याच्याविरुद्ध भाऊ निवडणुकीला उभे राहिले. पाळणाघरात आले, शेंबडं पोर मांडीवर घेतलं. पोराने सदरा भिजवला तरी हसत राहिले. खोलीला हात लावणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे, म्हणाले. झालं, वहिनींनी पदर खोचला.

प्रचाराच्या गाडीत बसून त्या गल्लीबोळ पिंजत सुटल्या. कागदावर लिहून दिलं होतं, ‘भाऊ निवडून येणार’. वहिनी कागद वाचतच नव्हत्या. त्या आपल्या मनाने ओरडायच्या, ‘आपण निवडून येणार’. भाऊंना ते इतकं आवडलं की भिंतीभिंतीवर तेच रंगवलं. वहिनींचा घसा बसला. मिठाच्या गुळण्या केल्या आणि पुन्हा गाडीत. वेल्डिंग करणाऱ्या नवऱ्याने विचारलं, खोलीचं लिहून घेतलंस का? आपल्या माणसाकडून कोणी लिहून घेतं का, असं म्हणून त्यांनी त्यालाच झाडलं. तो म्हणाला, मी फक्त लोखंडावर विश्वास ठेवतो, आणि तेही तापलेलं असताना नाही.

आपण निवडून आलो. भरघोस.

थोड्याच दिवसांत पालिकेचा शिपाई खोली रिकामी करा सांगून गेला. जुना जाता जाता लाथ मारतोय, असं समजून वहिनी तडक भाऊंकडे गेल्या. भाऊंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पोरांची चौकशी केली. मग म्हणाले,

“तिथं संपर्क कार्यालय करायचं आम्ही ठरवलंय.”

प्रचारभर या माणसाच्या तोंडात ‘आम्ही’ कधी आलं नव्हतं. आपला वॉर्ड, आपली खोली, आपण लढू. वहिनी तो एकच शब्द ऐकत बसल्या. ‘आपण’मध्ये त्या होत्या. ‘आम्ही’ने त्यांना खुर्चीसकट दाराबाहेर ठेवलं होतं.

“आणि पोरं?”

“बघू ना काहीतरी. दुसऱ्याची जागा घेतली असती तर बोंबाबोंब झाली असती. तुम्ही घरच्या, म्हणून तुमची घेतली.”

वर उद्घाटनाला माइकवर तुम्हीच हव्यात, असं बजावलं.

वहिनी गेल्या. पाळणे काढलेल्या खोलीपुढे खुर्च्या मांडलेल्या, निम्म्या वॉर्डाच्या बाया जमलेल्या. त्यांनी माइक घेतला.

“आयांनो, ऐका. सोमवारपासून पोरं इथंच आणून टाका. जागा तीच आहे, सांभाळायला आता भाऊ बसणार. शी धुता येते का, तेवढं आधी त्यांना विचारून घ्या.”

एकच हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने भाऊ हसले. हात जोडून म्हणाले, वहिनींना आपल्याला बोलायचा हक्कच आहे. त्यावर टाळ्या पडल्या आणि फीत कापली गेली.

सोमवारी वहिनी खोलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एकही आई आली नाही. कोणी पोर शेजारणीच्या गळ्यात मारलं होतं, कोणी काम सोडलं होतं. दुपारी त्यांतलीच एक रस्त्यात भेटली, पोर कडेवर घेऊन.

“वहिनी, काय बोललात हो त्या दिवशी,” ती म्हणाली. “हसून हसून पोट दुखलं.”