हनुवटीखालची जागा

मी एक जुनी गिटार आहे. आणि जुनी असले तरी मौल्यवान नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारख्या शेकडो निघाल्या. एका लांबलचक शेडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून साच्यात दाबले गेले आणि त्यातून माझी पाठ आणि पोट तयार झालं. तपासणी करणाऱ्या बाईने मला बोटाने टकटक करून पाहिलं आणि ती शेजारणीला म्हणाली, "ही जरा पातळच झाली गं. घुमणार."

"स्वस्तातली आहे ना? जाऊ दे पुढे," शेजारीण म्हणाली.

तेवढ्यावर मी पास झाले.

मित्रांनो, बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी भरीव लाकडाच्या असतात. तार छेडली की तिच्याखालचं चुंबक ती थरथर टिपतं, वायरीतून अँप्लिफायरकडे पाठवतं आणि आवाज तिथून येतो. गिटार स्वतः जवळजवळ मुकीच. मी तशी नाही. मी आतून पोकळ आहे आणि माझ्या अंगावर दोन लांबट, वळणदार चिरा आहेत. त्यामुळे वायर न लावताही मी हलक्या आवाजात बोलते. जॅझ वाजवणाऱ्यांना हा गोलसर, लाकडी आवाज आवडतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. मला चालू ठेवून अँप्लिफायरसमोर उभं केलं, तर त्याच्या आवाजाने माझं पोट थरथरतं, ती थरथर पुन्हा अँप्लिफायरमध्ये जाते, आणि कोणी हात न लावताही मी घुमू लागते. पातळ असल्यामुळे मी जरा जास्तच घुमते.

दुकानात मी सगळ्यात खालच्या खुंटीवर होते. शिकाऊ मुलं मला हाताळत आणि परत ठेवत. एके दिवशी एक वयस्कर गृहस्थ बायकोबरोबर आले. दुकानदार त्यांना काका आणि काकू म्हणत असे, म्हणून मीही तसंच म्हणेन. काका एका वाद्यवृंदात आयुष्यभर गिटार वाजवत आले होते. त्यांनी आधी वरच्या खुंटीवरच्या महागड्या गिटारी मागितल्या.

"थांबा, वायर लावून देतो," दुकानदार म्हणाला.

"नको. आधी नुसतंच बघू."

काकू दाराजवळच्या खुर्चीत बसून पिशवी आवरत होत्या. काकांनी एकेक गिटार मांडीवर घेतली, तिच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि सगळ्यात जाड तार छेडली. प्रत्येक वेळी मान हलवून त्यांनी ती परत दिली. शेवटी माझी पाळी आली. त्यांच्या जबड्याचं हाड माझ्या कडेला टेकलं. तार वाजली, माझं सगळं अंग थरथरलं, आणि काकांचे डोळे मिटले. आवाज पुरता विरेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी तीच तार पुन्हा वाजवली.

"हीच," ते म्हणाले.

"अहो काका, ही नवशिक्यांची आहे. तुमच्यासारख्यांनी..."

"एवढी वर्षं वाजवताय, आणि आता ही डबडी घेणार?" काकू उठून आल्या. "लोक काय म्हणतील?"

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. "लोकांना कुठे वाजवायचीय?" ते हसून म्हणाले.

काकू वायरी बघायला पलीकडे गेल्या, तेव्हा दुकानदाराने स्वतःच्या कानाला बोट लावून प्रश्नार्थक पाहिलं. काकांनी हळूच मान डोलावली. "घरी कळू देऊ नकोस," ते म्हणाले. "कमी ऐकू येतं, एवढं तिला माहीत आहे. किती कमी, ते नको कळायला. वाद्यवृंदातले लोक तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

काकांच्या कानात बाहेरून येणारा आवाज वाटेतच अडत होता. पण आतला भाग थोडाफार शाबूत होता, आणि तिथे पोहोचायला हाडाचा रस्ता उघडा होता. जबडा माझ्या कडेवर टेकला की माझी थरथर त्या रस्त्याने आत जाई. ताल ते ढोलकऱ्याच्या हातांकडे बघून आणि फळ्यांच्या रंगमंचावर पाय टेकवून पकडत. सूर मात्र फक्त माझ्याकडून. त्यांच्या आयुष्यात उरलेलं सगळं संगीत माझ्या पातळ पोटातून जात होतं.

पुढची दोन वर्षं माझी चांगली वर्षं. लोक म्हणत, काका हल्ली अगदी गिटारीत शिरून वाजवतात. माझ्या कडेवरचं पॉलिश त्यांच्या दाढीच्या खुंटांनी घासून गेलं आणि तिथे एक पांढुरका डाग पडला. काकू दर आठवड्याला मला पुसत, आणि घामाचा असेल असं समजून तो डाग जरा जास्तच रगडत.

मग तो कार्यक्रम झाला. मध्यंतर होतं. काकांनी मला चालूच ठेवून स्टँडवर उभं केलं, नेमकं अँप्लिफायरसमोर, आणि पाठ फिरवून ते पाणी प्यायला गेले. मी घुमू लागले. आधी हळू, मग सगळा हॉल भरेल इतकी. लोकांनी कानांवर हात दाबले. एक तान्हं मूल रडू लागलं. आणि काका शांतपणे पेल्यातून घोट घेत होते. त्यांना ऐकू आलंच असेल, तर पंख्याच्या घरघरीएवढं. ढोलकऱ्याने धावत येऊन माझं बटण फिरवलं.

दुसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली होती.

दोन दिवसांनी, काका न्हाव्याकडे गेलेले असताना, ढोलकरी घरी आला.

"वहिनी, गिटार पोकळ आहे म्हणून घुमते. सोपा इलाज आहे. आत स्पंज कोंबायचा. सगळे कोंबतात."

"त्यांना विचारायला नको?"

"काय विचारणार? भर हॉलमध्ये तुमची गिटार बोंबलत होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता, असं?"

 काकूंनी जुन्या उशीतला स्पंज काढला, त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि विणायच्या सुईने एकेक पट्टी माझ्या चिरांमधून आत सारली. ओरखडा पडू नये म्हणून कडेला रुमाल धरला होता. इतक्या हळुवार हातांनी मला कोणी कधी हाताळलं नव्हतं. शेवटची पट्टी आत गेली तेव्हा माझं पोट ठासून भरलं होतं. तार हलत होती. मी हलत नव्हते.

काकांनी मला पेटीतून काढलं ते थेट पुढच्या कार्यक्रमात. सवयीप्रमाणे हनुवटी टेकवली, पहिला सूर वाजवला, आणि थांबले. हनुवटी अधिक जोराने दाबली. दाबून दाबून त्यांचा जबडा थरथरू लागला, पण मी त्यांना काहीच देऊ शकले नाही. तारांखालची चुंबकं इमानाने काम करत होती. हॉलमध्ये सगळ्यांना आवाज जात होता. फक्त एका माणसाला नाही.

त्यांना वाटलं, उरलंसुरलं तेही गेलं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांनी माझं बटण शून्यावर नेलं. उरलेला कार्यक्रमभर त्यांची बोटं तारांवरून अचूक फिरत राहिली, आणि मी मुकी होते. बाकीच्या वाद्यांच्या गलक्यात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या. ढोलकरी काकूंजवळ येऊन खुशीत म्हणाला, "बघा वहिनी, एकदाही घुमली नाही!"

घरी आल्यावर काकांनी मला पेटीत ठेवलं. "आता पुरे झालं," ते म्हणाले.

"का हो? असं एकदम?"

"बोटं दुखतात."

हॉलमधली गोष्ट त्यांना कळू नये म्हणून काकू बोलल्या नाहीत. कानांची गोष्ट काकूंना कळू नये म्हणून काका बोलले नाहीत. मी दोघांच्या मध्ये, पलंगाखाली, पोट भरून पडून होते. काका आधी बोलायचे थांबले, मग बाहेर जायचेही थांबले. रोज संध्याकाळी काकू त्यांच्या बोटांना मलम चोळत आणि विचारत, "बरं वाटतंय का?" काका त्यांचे ओठ वाचत आणि मान डोलावत. काही वर्षांनी, एका थंडीत, काका गेले.

काकूंनी मला त्याच दुकानात विकायला नेलं. दुकानदाराने मला उचलताच त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने वाकड्या तारेने स्पंजाची एक पट्टी ओढून काढली, मग दुसरी. काउंटरवर ढीग झाला.

"हे कोणी भरलं?"

"मी. घुमत होती म्हणून."

"आणि काका कसे वाजवायचे मग?"

"त्यानंतर वाजवलीच नाही त्यांनी."

दुकानदाराने खुर्ची पुढे ओढून काकूंना बसवलं. मग त्याने मला काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि तो पांढुरका डाग दाखवला. "काकू, इथे हनुवटी टेकवा. कान घट्ट बंद करा."

काकूंनी तसं केलं. त्याने जाड तार छेडली. कितीतरी वर्षांनी माझं अंग थरथरलं, आणि ते त्यांच्या जबड्यातून आत गेलं.

"काका असंच ऐकायचे," दुकानदार म्हणाला. "एवढंच ऐकायचे. घरी सांगू नको म्हणाले होते."

आवाज विरला तरी काकूंनी कानांवरचे हात काढले नाहीत. तशाच त्या म्हणाल्या, "मी रोज बोटांना मलम लावत होते."

मला विकलं गेलं नाही. आता मी काकूंच्या खोलीत भिंतीला टेकून असते. तो डाग त्या पुसत नाहीत.

मित्रांनो, वाद्यांची धूळ पुसा, तारा गंजू देऊ नका, ते सगळं कराच. पण ज्याच्यासाठी एखादी गोष्ट दुरुस्त करायला निघालात, त्याला आधी विचारा, ती तू कशी वापरतोस. तो टाळाटाळ करेल, तर पुन्हा विचारा. मी विचारू शकत नव्हते. माझं पोट भरलेलं होतं.

काकूंना वाजवता येत नाही. त्या संध्याकाळी मला मांडीवर घेतात, हनुवटी टेकवतात आणि एकच तार छेडतात. ती पुरती विरेपर्यंत बसून राहतात, आणि मग मला जागेवर ठेवतात.