मास्तरांची भाषा

ऐक ना, मधे काही बोलू नकोस, आधी सगळं ऐक. आमची टेस्टिंगची टीम बंद होतेय. मॅनेजर म्हणाला, एक नवीन प्रोग्रामिंग भाषा निवडा, कंपनी शिकवेल, जमली तर दुसऱ्या टीममध्ये घेऊ. दादा म्हणाला, "पायथन घे, डोळे झाकून." पण अख्ख्या मजल्यानं पायथनच घेतलं होतं गं, आणि जागा दोन! आई म्हणाली, "कुठलीही शीक बाई, पण घरात जरा गोड बोल."

तर मी कोबोल घेतलं, आजोबांच्या काळातली भाषा. हसू नकोस! पगाराची सगळी सिस्टीम अजून त्यातच चालते, आणि ती भाषा येते फक्त मास्तरांना. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर, जिन्याखालच्या खोलीत बसतात. त्यांनीच मला गाठलं, "इकडे ये पोरी, इथे गर्दी नाही."

शिकवायची तऱ्हा बघ. कीबोर्डला हात लावू द्यायचे नाहीत. आधी प्रोग्राम कागदावर छापायचा, मग ओळीवर बोट ठेवून आपणच मशीन व्हायचं. "आता तुझ्या हातात कोणाचा पगार आहे? कुठे निघालीस? अगं, तो माणूस रजेवर आहे, त्याला ओव्हरटाइम कशाला देतेस?" मी चुकले की खो खो हसायचे. इतकी वर्षं कोणी काही विचारलंच नव्हतं ना त्यांना. सकाळी माझी खुर्ची पुसून ठेवायचे गं.

आणि आज मॅनेजरनं बोलावलं. दार लावून घेतलं. "एकटीला जमेल ना आता? हो म्हण, मास्तरांना मोकळं करतो. त्या कामाला दोन माणसं परवडत नाहीत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर टेस्टिंगवाल्यांबरोबर तूही घरी."

बाहेर आले तर मास्तर दारातच. "काय म्हणाला? मी सांगून ठेवलंय त्याला, पोरगी तयार झाली, माझ्यापेक्षा झटपट करते!" तोंडभर हसत होते. त्यांना वाटतंय, आता आम्ही दोघं मिळून ती खोली चालवणार. मला बघवेना त्यांच्याकडे. पाणी पिऊन येते म्हणाले आणि सटकले.

उद्या उत्तर द्यायचंय. मास्तरांना सांगू का? सांगितलं तर ते माझ्यासाठी आपणहून राजीनामा देतील, पक्कं माहितीये मला. आणि नाही सांगितलं, नुसतं हो म्हणून टाकलं, तर... तू बोल ना काहीतरी! माझ्या जागी असतीस तर तू काय केलं असतंस?