एका दमात

दादाच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या रंगखात्यात यंत्राचा हात आला. गाड्यांचे दरवाजे आता तो रंगवणार होता. जो कारागीर त्याला शिकवेल तो त्याच्यापाशी राहणार. बाकीच्या रंगाऱ्यांची रवानगी गोदामात. निवड दादाची झाली.

"सिनेमातल्यासारखा बोलेल का हो हा?" दादानं इंजिनीयर बाईंना विचारलं.

"बोलणार नाही, बघणारही नाही. सांधा किती वळला, तेवढंच याला कळतं. तुम्ही ही मूठ धरून रंग मारायचा, हा तेच करत राहील. समोर दरवाजा नसला तरी हवेत मारेल."

"म्हणजे आमच्या धाकट्यासारखाच की!"

सगळे हसले. धाकटा म्हणजे मी. शेजारी दरवाजे घासत होतो.

दादानं मूठ धरून दरवाजा रंगवला. मग बाईंनी बटण दाबलं आणि हात एकटाच फिरू लागला. दादाचीच लय, मनगटाचा तोच झोक. कडेपाशी मात्र तो दोनदा थरथरला, थांबला, मग पुढं गेला. तिथं रंगाचा ओघळ आला.

दादाचा खोकला मला आणि वहिनीलाच ठाऊक होता; कामावर तो मुखपट्टीआड गिळून टाकायचा. यंत्रानं तो सगळ्यांसमोर मांडला.

"दादा, आधी डॉक्टरला दाखवा," बाई हळूच म्हणाल्या.

"आधी दरवाजा. याच्यातली ही फेरी पुसा, मी नव्यानं करतो."

मी जवळ गेलो. "सोड ना दादा. गोदाम काय वाईट आहे?"

"तिथं पोती उचलायची. दम आहे का माझ्यात तेवढा?"

त्यानं श्वास कोंडला. अख्खा दरवाजा एका दमात रंगवला. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. मूठ सोडून तो भिंतीशी बसला आणि किती तरी वेळ खोकत राहिला. दरवाजावर एकही ओघळ नव्हता.

तीच फेरी बाईंनी कायम केली. हात ती दिवसभर करायचा. दरवाजा घासता घासता माझं तिकडं लक्ष जाई, आणि फेरी संपेपर्यंत माझाही श्वास अडकून राही.

पुढच्या उन्हाळ्यात दादा दवाखान्यात वारला. वहिनी जवळ होती. मी कामावर होतो.