ड्रम फिरला की सून जाते कुठं?

हळद शिजली, वाळली, आता पॉलिशला आली. ट्रॅक्टरला जोडलेला लोखंडी ड्रम फिरू लागला की आतल्या हळकुंडांची खडखड साऱ्या शिवारात घुमायची. घरचं लहानथोर खळ्यावर असायचं. नसायची ती एकटी करुणा, गोजरबाईची नवी सून.

"गोजरे," शेजारची पारुबाई घमेलं टेकवत म्हणाली, "तुही सून ऐन कामाच्या वक्ताला कुठं उडून जाऊन राहिली गं?"

"परसाकडं गेली आसंल."

"रोज? ड्रमाच्या ठेक्यावर?" पारुबाई तोंडाला पदर लावून हसली.

ते हसू गोजरबाईच्या काळजात कुसळासारखं रुतलं. पोरगा शिवशंकर तर ड्रमापासून हलत नाही. मग ही जाते कुणाकडं? सून बोलायची मोजकं, नजरेला नजर देत नव्हती. लाजाळू आहे, असं लग्नाच्या वेळी वाटलं होतं. आता त्या खाली पाहण्याचाच संशय येऊ लागला. काही निघालं तर शिवशंकर तिला कळमनुरीला, माहेरी नेऊन सोडणार. पुन्हा आणणार नाही.

त्या दुपारी ड्रम धडधडला तशी गोजरबाई मागोमाग निघाली. तुऱ्हाट्यांची गंजी गेली, बांध गेला. पडक्या विहिरीच्या पायऱ्या उतरून सून दिसेनाशी झाली. गोजरबाईनं वाकून पाहिलं. तळाच्या कोरड्या पायरीवर करुणा कानावर पदर गच्च आवळून डुलत होती, एकच सूर गुणगुणत.

"कोण हाय गं तुह्यासंगं?"

करुणा दचकली. "वरडू नका, आत्याबाई. कोणी न्हाई. इथं आवाज कमी येतो. तो ड्रम माझ्या दातात फिरतो."

"सोंग करून राहिली का?"

"न्हाई. स्वमग्न हाय मी, ऑटिझम म्हणतात ते, जन्मापासून. लहानपणीच नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं. बाबा म्हणले, सोयरीक मोडंल, बोलू नको."

"म्हंजे फसवलं आमाला!"

"व्हय," करुणा म्हणाली.

गोजरबाई त्या 'व्हय'कडं बघतच राहिली. लबाड बाई असं कबूल करते होय? का हीच खरी लबाडी?

वरून हाक आली. पारुबाईही माग काढत आली होती. "गोजरे, घावला का गं सोबती?"

करुणानं कान अजून घट्ट दाबले, डोळे मिटले. गोजरबाईनं ते पाहिलं.

"हळू बोल, पारू. सोबती-बिबती कोणी न्हाई. आवाजाची तकलीफ हाय तिला, जन्माची. शिवशंकरला मीच सांगीन. तू मधी पडू नको."

पारुबाई पुटपुटत गेली. गोजरबाई दोन पायऱ्या उतरून खाली बसली.

"खोटं निघालं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तर मीच न्हेऊन सोडीन तुला."

"बरं," करुणा म्हणाली, आणि पुन्हा डुलू लागली.