गावाला गेलेलं तळं

शाळेच्या व्हरांड्यातला बाक पहिलीतल्या पोरांच्या मापाचा. त्यावर बसलं की माझे गुडघे हनुवटीला टेकत, म्हणून मी उठायची. उठलं की दाराला कान लावावासा वाटायचा, म्हणून परत बसायची. शिपाई दोनदा विचारून गेला, "आजी, काही हरवलंय का?"

"धीर हरवलाय," म्हटलं. "दिसला तर आणून दे."

समोरच्या बंद दाराआड माझ्या नातीची वाचनाची परीक्षा चालू होती. मुलगा आणि सून, दोघांच्या सकाळच्या पाळ्या, त्यामुळे पोरीबरोबर मी. निघताना सून बजावून गेली होती, "आई, तिथे गोष्टी सांगत बसू नका हं." जशी काही मी कुठेही बसून गोष्टी सांगते!

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. आठ वर्षांची आहे, तिसरीत. तोंडी हिशोबात बापाला गप्प करते, पण पुस्तक उघडलं की तिच्यापुढे अक्षरं सरकायला लागतात. डोळे तपासले, ठणठणीत निघाले. मग वाचनाच्या बाईंनी सांगितलं, हा आळस नाही आणि ढपणाही नाही. काही मुलांना अक्षराची आणि आवाजाची गाठ बसायला जास्त वेळ लागतो, वेगळ्या तऱ्हेने शिकवावं लागतं. पण मोठ्या बाईंचं मत वेगळं. त्यांनी फर्मान काढलं: तिसरीच्या पुस्तकातलं एक ठरलेलं पान वाचलं तर भिंगरी तिच्या वर्गात, नाही तर सोमवारपासून पहिलीत.

पहिलीत तिचा मावसभाऊ आहे. तो तिला ताई म्हणतो.

"मला त्याच्या शेजारी बसवलं ना," भिंगरी मला म्हणाली होती, "तर मी शाळेतच जाणार नाही. कधीच." हे तिने रडून म्हटलं असतं तर मी समजूत घातली असती. ती चपलेचा बंद लावत शांतपणे म्हणाली.

म्हणून मी कंबर कसली. पंधरा दिवस रोज चार वाजता तेच पान तिला वाचून दाखवलं. आता खरं सांगते, ते पान अगदीच मिळमिळीत होतं. बदक तळ्यावर गेलं, तळ्यात पाणी होतं, बदक पोहलं, संपलं. असं वाचताना मलाच झोप येई. मी लहानपणी पाटीवरची पेन्सिल इतकी खाल्लेली आहे की आठवडाभर मी शिंकले की भिंतीवर बाराखडी उमटायची. अशा बाईने तीन ओळींवर थांबायचं? मी जरा मीठमसाला घातला. बदक तळ्यावर गेलं तर तळं जागेवर नव्हतं, ते मावशीकडे गावाला गेलेलं. मग बदकाने छत्री घेतली, तळ्याचा पत्ता विचारत निघालं.

भिंगरी खुश. रोज म्हणायची, "कालच्यासारखंच सांग हं, एक शब्द इकडचा तिकडे नको." आठव्या दिवसापासून तीच पुस्तक घेऊन घडाघडा वाचायला लागली. बोट ओळीवरून सरकतंय, तोंड चालतंय. मी म्हटलं, जिंकलो! आणि त्या आनंदात पुस्तकाचं काय आणि माझं काय, हे माझं मलाच कळेनासं झालं.

ते कळलं व्हरांड्यात. दाराआडून तिचा आवाज आला, खणखणीत, कुठेही न अडखळता:

"तळं मावशीकडे गावाला गेलं होतं. बदकाने छत्री घेतली..."

पोरगी वाचत नव्हती. तिने मला पाठ केलं होतं, शब्दन् शब्द.

मी दार ढकलून आत घुसले. "बाई, चूक माझी आहे! तळ्याला मी गावाला पाठवलं! पुस्तकात ते घरीच आहे!"

वाचनाच्या बाई तरुण, नाकावर चष्मा, बाहीला खडूची पूड. त्यांना हसू आवरेना. "मला दुसऱ्या वाक्यालाच कळलं, आजी. पण पुढे काय होतं ते ऐकायचं होतं." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "यात छत्री कुठे लिहिलीय, दाखव बरं."

भिंगरीचं बोट पानावर फिरलं. वर गेलं, खाली आलं, एका कोपऱ्यात थांबलं. तिचे कान लाल झाले.

"अक्षरं हलतात," ती पुटपुटली. "आजीचा आवाज हलत नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाईंनी टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्याला मधे एका शब्दापुरती खिडकी कापलेली. तो पानावर ठेवला, तशी बाकीची सगळी ओळ झाकली गेली. "मोठ्या बाईंना मी सांगणार आहे की ही माझ्या खोलीत रोज तासभर शिकेल आणि बाकीचा वेळ स्वतःच्या वर्गात बसेल. पण त्या विचारणार, हिला स्वतःला काय येतं? मला सहा शब्द हवेत, मधूनमधून उचललेले. आणि आजी, तुम्ही एक अक्षरही बोलायचं नाही."

मी! मला एकदा दाढ काढताना डॉक्टर म्हणाले होते, तोंड उघडं ठेवा पण बोलू नका, तर मी कानाने बोलले होते. पण ही सक्ती त्याहून जबर. मी पदर तोंडात कोंबला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिथे राहवेना, म्हणून दाराशी. मग टेबलाशी.

पुठ्ठ्याची खिडकी पहिल्या शब्दावर थांबली.

"ब... द... क. बदक."

दुसरा शब्द. "पा... पाणी."

तिसऱ्याला ती इतका वेळ थांबली की मी मनात तो शब्द शंभरदा ओरडले. माझे ओठ हलले असावेत, कारण बाईंनी न बघता हात वर केला. भिंगरी बोटाने अक्षर गिरवत होती, टेबलावर, पानाच्या बाहेर. "गे... लं. गेलं."

चौथा आला. पाचवा चुकला, तिने "हलकं" म्हटलं, मग मान हलवून परत पाहिलं. "नाही, थांबा. ह... ळू. हळू."

सहाव्या शब्दात जोडाक्षर होतं. मला दिसत होतं. तिने पाहिलं, गिरवलं, परत पाहिलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत असं होतं की सांग ना गं. मी पदर आणखी आत कोंबला आणि छताकडे पाहायला लागले. देवाशप्पथ, माझ्या आयुष्यात इतकं जड काही मी उचललं नाही.

"हा मला येत नाही," भिंगरी बाईंना म्हणाली.

बाईंनी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि कागदावर लिहायला लागल्या. "पाच स्वतः वाचले. सहावा येत नाही असं स्वतः सांगितलं. मागच्या दोन परीक्षांत हिने एकदाही असं म्हटलं नव्हतं, अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची. मी हेच घेऊन मोठ्या बाईंकडे जातेय."

त्या गेल्या. आम्ही दोघी त्या खोलीत. भिंगरी खुर्चीवर पाय हलवत, मी येरझारा घालत.

"आजी, बस ना. गरगरतंय मला."

"बसवत नाही गं."

दहा मिनिटांनी बाई आल्या. मोठ्या बाई दिवाळखोर... छे, दिलदार म्हणायचं होतं मला. दिलदार काही नाहीत त्या, पण तयार झाल्या होत्या. तीन महिने. तिसरीतच. मग पुन्हा बघू.

भिंगरीने दप्तर उचललं. दाराशी थांबून मला म्हणाली, "आता घरी तू पुस्तक हातात धरायचं नाहीस. नुसतं ऐकायचं. वाचणार मी."

"आणि अडलीस तर?"

"तर अडेन," ती म्हणाली आणि तिसरीच्या वर्गाकडे पळत सुटली. मघाशी तोंडात कोंबलेला पदर मी झटकला, तो अजून ओला होता. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. आणि रोज चारला मला तोंड मिटून बसायचंय.