कोमट पाइपाच्या तोंडाशी

मित्रांनो, मी एक म्हातारी मासळी आहे. कारखान्यामागच्या तळ्यात राहते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं तुम्ही म्हणता. आमचं तर पाण्याशीच वैर चालत नाही, कारण पाणी गार झालं की आमचं रक्तही गार होतं.

पण आम्ही लेचेपेचे नाही हं! हिवाळा हळूहळू आला तर शरीर तयारी करतं. अंगातली चरबी थिजू नये म्हणून पातळ होते, हृदय संथ चालायला शिकतं, भूक मंदावते. उन्हाळ्यात तापल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून कल्ले भरभर हलवायचे. हे सगळं अंगवळणी पडायला बरेच दिवस लागतात.

आमच्या तळ्यात एक जाड पाइप उघडतो. कारखान्याची यंत्रं थंड करून आलेलं कोमट पाणी त्यातून पडायचं. हिवाळ्यात सगळे त्याच्या तोंडाशी गर्दी करायचे. माझी थोरली बहीण तर तिथली राणीच! मला मात्र धटिंगण मासे हुसकावून लावायचे आणि मी पलीकडच्या काठाला गारठत राहायची. तिचा मला फार हेवा वाटायचा.

दुरुस्तीसाठी यंत्रं थांबवायची असली की मिस्त्री आधी आम्हाला इशारा म्हणून पान्याने पाइपावर टकटक करायचा. मग पाइप बंद करायचं चाक रोज थोडंसंच फिरवायचा.

"बाबा, एकदम का नाही बंद करत?" त्याची छकुली विचारायची.

"त्यांना सवय व्हायला नको का, बाळा?"

एका हिवाळ्यात तो पान्याकडे हात नेतोय, तेवढ्यात त्याची बायको धावत आली. "अहो, छकुली तापाने फणफणलीय, डोळेसुद्धा उघडत नाही. चला आधी!"

पुढचे काही दिवस त्याला येता येणार नव्हतं आणि दुरुस्ती तर थांबणार नव्हती. त्याने चाक एका दमात गच्च बंद केलं आणि तो पळाला. टकटक राहूनच गेली.

माझ्या बहिणीचं अंग अजून उन्हाळ्यातच होतं. पाणी गारठलं तसे तिचे स्नायू आखडले, तोल गेला, ती आडवी झाली. मी तिच्या पोटाखाली शिरून तिला सरळ करत राहिले, पण तिचे कल्ले हलेनात. पाइपापाशी होते ते सगळे गेले. मी वाचले, कारण मला थंडी आधीच सरावाची झाली होती.

छकुली बरी झाली. बापाचा हात धरून काठावर आली. "बाबा, मासे कुठे गेले?"

मिस्त्रीने वाकून रिकाम्या पाण्यात पाहिलं. मग म्हणाला, "मी घाई केली, बाळा."

त्याचा मला राग येत नाही. लेकीसाठी मीही धावलेच असते.

आता कारखाना कायमचा बंद आहे, पाइप कोरडा आहे. तरी दर हिवाळ्यात मिस्त्री काठी टेकत येतो, टकटक करतो आणि गंजलेलं चाक किंचित फिरवतो.

मित्रांनो, घरी मासे पाळलेत तर त्यांचं पाणी एकदम बदलू नका. जुन्यात नवं थोडंथोडं मिसळा. गारठा आम्ही सोसू, ऊनही सोसू. फक्त वेळ द्या.

टकटक ऐकली की मीही पाइपाच्या तोंडाशी जाते. आता मला कुणी हुसकावत नाही. पण त्या हिवाळ्यात गेलेली माझी बहीण माझ्या आधीच तिथे येऊन थांबलेली असते.